अळी विकत घ्यायच्या दिवसांत

मोबाइलवर ‘मीलवर्म’ असं शोधलं की हल्ली सरळ विकत घ्यायचं बटण समोर येतं. कोंड्यात वळवळणाऱ्या पिवळसर अळ्या, झाकणाला भोकं पाडलेला डबा, घरपोच. आधी हे गिऱ्हाईक पिंजऱ्यातले पक्षी आणि काचेच्या टाकीतले मासे पाळणाऱ्यांचं होतं. आता अंगणात येणाऱ्या चिमण्या, साळुंक्या आणि दयाळांसाठीही लोक अळ्या मागवतात, पक्षी हातावर येऊन अळी उचलतो त्याचे व्हिडिओ टाकतात. व्हिडिओ छान असतात, यात वाद नाही.

पण हाच डबा दोंडाईचात मागवला तर? गावाच्या चारी बाजूंना कापूस, मका, हरभरा, मिरची. शेतकऱ्याला वर्षभर अळीची धास्ती. बाजारपेठेतल्या कृषी केंद्रात काउंटरवर उभं राहून कोणी विचारतो, ‘दादा, अळीवर काय देता?’ आणि त्याच गल्लीत कुरिअरवाला अळ्यांचा डबा घेऊन येतो. एक जण अळी मारायला पैसे मोजतोय, दुसरा अळी आणायला. हसू येण्यासारखीच गोष्ट आहे. पण ही वेळ कशी आली हे बघायला गेलं, की खानदेशातल्या पाखरांचा आणि अळ्यांचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास उलगडायला लागतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अळ्या घालणारे वेडे नाहीत. चिमणी दाणे खाते हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण ते मोठ्या चिमणीबद्दल खरं आहे. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू दाण्यावर जगत नाही. पहिल्या दिवसांत त्याला मऊ, रसदार, प्रथिनांनी भरलेलं खाणं लागतं, म्हणजे अळ्या, मावा, कोळी, नाकतोडे. त्यातूनच त्याला पाणीही मिळतं. सुगरणीचं तसंच. बहिणाबाईंमुळे खानदेशी माणसाला सुगरणीचा खोपा पाठ असतो. (खोपा विणतो तो नर, हे सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला बसून नीट नोंदवलं. कवितेला त्याने काही बाधा येत नाही.) त्या खोप्यातल्या पिल्लांनाही आई ज्वारी नेऊन देत नाही, किडे नेऊन देते. थोडक्यात, गच्चीवर ठेवलेली दाण्यांची वाटी आई-बापांचं पोट भरते, पिल्लांचं भरेलच असं नाही.

आपल्याकडचं पाखरांना घालणं मात्र कायम दाण्यांचंच राहिलं. अंगणात सांडलेली बाजरी, ओसरीच्या आढ्याला टांगलेली ज्वारीची कणसं, उन्हाळ्यात पाण्याचं परळ, पितृपक्षात कावळ्याला घास. व्यापारी पेठांच्या गावांत गुजराती-मारवाडी घरांनी रोजच्या मूठभर दाण्यांची रीत पक्की केली. जीवदयेच्या हिशोबात एक जीव वाचवायला दुसरा जिवंत जीव वाटीत घालणं बसतच नाही, आणि ती अडचण खोटी नाही. मीलवर्मचा डबा उघडताना आजही अनेकांना हाच प्रश्न पडतो.

याला अपवाद म्हणजे वाळवी. कोंबडीची पिल्लं लहान असताना वारुळाचं ढेकूळ फोडून त्यांच्यापुढे टाकायचं हे खेड्यातल्या बाईला कोणी शिकवावं लागलं नाही. तितर पाळणारेही त्यांना वाळवीच घालत. झुंजीसाठी किंवा रानातल्या तितरांना हाक मारून जाळ्यात ओढण्यासाठी पिंजऱ्यात तितर बाळगणं देशभर चालायचं, आणि तो तितर टणक व्हावा म्हणून मालक रोज कुदळ घेऊन वारूळ शोधत फिरायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा ठरला. म्हणजे पाखराला जिवंत किडा भरवायची कला आपल्याकडे होती. ती फक्त पाळलेल्या पाखरासाठी होती. रानातल्या पाखराला अळी नेऊन द्यायची, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात आली नसती. अळी शोधणं हे त्याचं काम.

ही कल्पना आली थंड देशातून. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, किडे मिळत नाहीत. मीलवर्म म्हणजे एका काळ्या भुंगेऱ्याची अळी. लिनियसने १७५८ साली त्याला ‘टेनेब्रिओ मॉलिटर’ असं नाव दिलं. मॉलिटर म्हणजे दळणारा, गिरणीवाला. पिठाच्या कोठारात सापडणारा किडा, म्हणून हे नाव. (आपल्या पिठात पडणारे बारीक लाल किडे वेगळे, ते डब्यात वाढवून कोणाचं भागणार नाही.) इंग्लंडमधला सगळ्यात प्रसिद्ध मीलवर्मवाला म्हणजे सर एडवर्ड ग्रे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा माणूस ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता. दृष्टी अधू होत गेली, राजकारण मागे पडलं, आणि तो आपल्या बागेत रॉबिन पक्ष्यांना हातावर मीलवर्म भरवत बसायला लागला. १९२७ साली आलेल्या ‘द चार्म ऑफ बर्ड्स’ या पुस्तकात त्याने पाखरू कसं हळूहळू हातावर येतं ते बारकाईने लिहिलंय. आजच्या व्हिडिओंचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

इंग्रज साहेब त्याआधी अर्धं शतक खानदेशात काय करत होते? पाखरांना भरवत तर नक्कीच नव्हते.

जेम्स डेव्हिडसन नावाचा एक सनदी अधिकारी १८८० च्या सुमारास इकडे होता. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी १९०६ मध्ये झाली. डेव्हिडसनने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची लांबलचक यादी केली आणि ती १८८२ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. हे नियतकालिक चालवणारा माणूस म्हणजे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, शाळेत शिकतो तोच, १८८५ च्या काँग्रेस स्थापनेतला. ह्यूम सरकारच्या महसूल, शेती आणि व्यापार खात्याचा सचिवही होता. शेती आणि पाखरं या दोन्हींचा नाद एकाच डोक्यात असलेला हा दुर्मीळ माणूस.

दोंडाईचाहून सारंगखेड्याला तापी ओलांडली की पुढे शहादा. याच पट्ट्यात डेव्हिडसनने रानपिंगळ्याचे नमुने मिळवले. नमुने म्हणजे गोळी घालून, कातडं सोलून, आत कापूस भरून. हे नमुने पुढे लंडनच्या संग्रहालयात गेले, त्यातला एक रिचर्ड मायनर्ट्‌झहागन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने चोरला, पुन्हा भरला आणि आपण तो १९१४ साली गुजरातेत मिळवला असं ठोकून दिलं. ही लबाडी पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी नव्वदच्या दशकात उघडी पाडली. खोटा पत्ता बाजूला सारला तेव्हा खरा पत्ता उरला, तो खानदेशचा. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या रानात शंभरहून जास्त वर्षं बेपत्ता असलेला रानपिंगळा जिवंत दिसला. ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवी, म्हणून थोडं आडवळण घेतलं.

मुद्दा असा, की त्या काळात पाखरू काय खातं हे कळायलाही ते मारावं लागे. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत सी. डब्ल्यू. मेसन आणि हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी हेच काम पद्धतशीर केलं. पाखरं मारायची, पोट फाडायचं, आत किती दाणे, किती अळ्या, किती भुंगेरे ते मोजायचं. १९१२ साली ‘द फूड ऑफ बर्ड्स इन इंडिया’ या नावाने ते प्रसिद्ध झालं. साळुंकी, कोतवाल, नीलपंख हे शेतकऱ्याचे मित्र आहेत, असं आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, त्याच्या मुळाशी ही अशी फाडलेली पोटं आहेत.

लेफ्रॉयचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. तो इंग्लंडला परतला. तिथे वेस्टमिन्स्टर हॉलच्या जुन्या लाकडी छताला किडीने पोखरलं होतं, त्यावर त्याने औषध शोधलं, आणि त्यातून एक कंपनी उभी राहिली: रेंटोकिल, आज जगभर कीडनियंत्रण करणारी. १९२५ साली कीटक मारणाऱ्या वायूंचे प्रयोग करताना प्रयोगशाळेतच विषबाधा होऊन तो गेला. कोणतं पाखरू किती किडे फुकट खातं याचा हिशोब मांडणारा माणूस किड्यांवरच्या विषाने मेला. मी हे प्रतीक वगैरे म्हणून सांगत नाही. विसाव्या शतकाने दोन वाटांपैकी कोणती धरली, ते या एका आयुष्यात दिसतं एवढंच.

शेतकऱ्याकडे मात्र पाखरांबद्दल असा सरळ निकाल कधीच नव्हता. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर पिकते. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, पावसाच्या साठलेल्या ओलीवर येणारी. दाणा भरायला लागला की वावरात माळा उभा राहायचा आणि त्यावर गोफण घेऊन कोणीतरी. शत्रू नंबर एक म्हणजे भोरड्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना थंडीत हजारोंनी येतात, ढगासारख्या वळतात आणि उभ्या कणसांवर उतरतात. गोफणीचे दगड मारून मारून खांदा उतरायचा.

या भोरड्या येतात मध्य आशियातून. तिथे उन्हाळ्यात त्यांची वीण असते, तेव्हा त्या दाणे नाही, टोळ खातात, आणि पिल्लांनाही टोळच भरवतात. चीनच्या शिनज्यांग प्रांतात या पाखरांनी यावं म्हणून माणसांनी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरटी करून दिली आहेत. म्हणजे सारंगखेड्याच्या शिवारात दगड खाणारं पाखरू तिकडे दगडांनीच बोलावलं जातं! दोघेही शेतकरी आपापल्या जागी बरोबर आहेत. पाखरू तेच, ऋतू वेगळा, पिल्लं आहेत की नाहीत एवढाच फरक.

आता कापसाकडे वळू, कारण या गोष्टीला खरं वळण तिथे लागलं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, लंकाशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि खानदेशाचं सोनं झालं, हे इतिहासात येतं. मग तापी खोऱ्याची रेल्वे आली आणि दोंडाईचासारखी स्टेशनाची गावं बाजारपेठा झाली. तरी तो कापूस कोरडवाहू होता, मिश्र पिकांत होता. बांधावर बाभूळ, निंब, ओळीत तूर, मधूनच ज्वारीचं ताट. कोतवालाला बसायला जागा हवी असते. तो उंचावर बसतो, खाली नजर ठेवतो, झेप घेतो, परत त्याच जागी येतो. अशा जागा वावरात आपोआप होत्या, कोणी त्यांना नाव दिलं नव्हतं.

१९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा जगातला पहिला संकरित कापूस बाहेर पडला. उत्पन्न वाढलं, पाणी आलं, खत आलं, आणि हिरव्यागार लुसलुशीत पिकावर अळी आली. ऐंशीच्या दशकात नवी कृत्रिम विषं बाजारात उतरली. पहिल्या वर्षी फवारणीनंतर अळ्या पटापट खाली पडायच्या, शेतकरी खूश. काही वर्षांत अमेरिकन बोंडअळीला त्याची सवय झाली. मग दोन औषधं मिसळून, मग तीन. देशाच्या लागवडीच्या क्षेत्रात कापसाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आणि कीटकनाशकांचा निम्म्याच्या आसपास, असं त्या काळचं गणित सांगितलं जातं. पंपाचा पट्टा खांद्याला लावून, नाकाला रुमाल बांधून दर आठ दिवसांनी वावरात उतरणाऱ्या माणसाला कर्ज किती झालं हे कोणत्या गणिताने सांगायची गरज नव्हती.

पाखरांचं काय झालं? आपल्याकडे ते कोणी मोजलं नाही म्हटलं तरी चालेल. पण दुसरीकडे मोजलं गेलंय. १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनातल्या शेतांत नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं, आणि ते नाकतोडे खायला उतरलेले स्थलांतरित ससाण्यांसारखे शिकारी पक्षी हजारोंनी मरून पडले. हेच मोनोक्रोटोफॉस आपल्या कापसावर वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक होतं. विषाने मेलेली अळी जमिनीवर पडते, हालचाल मंदावलेली असते, सहज सापडते. कोतवाल तीच उचलणार. आणि उचलायला अळीच राहिली नाही, तर पिल्लं उपाशी. दोन्हीकडून मरण.

२६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरंच कमी झाल्या. हे मान्य करायला हवं. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद देणं बंद केलं, आणि २०१७ साली महाराष्ट्रभर बोंडं पोखरली गेली. ही अळी बोंडाच्या आत शिरून बसते. बाहेरून बोंड धड दिसतं, पाखराला अळी दिसतच नाही. सगळ्याच अळ्या पाखरांनी खाल्ल्या असत्या, असं सांगत फिरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

उघड्यावर वावरणाऱ्या अळ्यांची गोष्ट वेगळी. हरभऱ्यावरची घाटेअळी म्हणजे कापसावरची तीच अमेरिकन बोंडअळी, फक्त पिकाप्रमाणे नाव बदललेलं. ती घाट्यात तोंड खुपसते तेव्हाही तिचं अर्धं अंग बाहेर असतं. कोतवाल, साळुंकी, गायबगळा यांना ते बरोबर दिसतं. म्हणूनच कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत निंबोळी अर्क आणि कामगंध सापळ्यांच्या जोडीला ‘पक्षीथांबे’ हा शब्द आला. थांबा म्हणजे काय, तर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काठी, पिकापेक्षा फूट-दोन फूट उंच, एकरात अशा दहा-वीस. बांबू नसेल तर तुरीच्या तुराट्या बांधतात. काही जण हरभरा पेरतानाच मधेमधे ज्वारीचे दाणे टाकतात, उगवलेलं ताट हाच थांबा. काही जण सुरुवातीला चुरमुरे किंवा शिजवलेला भात विखरून पाखरांना वावराची ओळख करून देतात. खर्च जवळजवळ नाही.

बारकाईने पाहिलं तर जुन्या बांधावरची बाभूळ आणि तुरीची ओळ जे काम फुकट करत होती, तेच आता काठी रोवून करायचं आहे. विद्यापीठाने नवं काही शोधलं असं नाही; हरवलेली जागा भरून काढली. मक्यावर २०१८ पासून लष्करी अळी आली, तिथेही थांबे लावायला सांगतात. पण ती पोंग्यात दडते, त्यामुळे पाखरांच्या हाताला थोडीच लागते. दोंडाईचात मक्यावर स्टार्चचा कारखाना चालतो, तेव्हा या अळीची काळजी फक्त वावरापुरती नाही. आणि ज्वारी-बाजरीत दाणा भरायला लागला की थांबे काढून घ्यावे लागतात, नाहीतर आपणच शत्रूला बसायला खुर्ची दिल्यासारखं होतं.

मिरचीचं मात्र निराळंच. दोंडाईचाच्या मिरचीच्या पथाऱ्या थंडीत लाल गालिच्यासारख्या पसरलेल्या असतात, शेजारून जाताना माणसाला ठसका लागतो. पाखरांना तिखट लागतच नाही. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपली जीभ जळते, ते त्यांच्या नसांना जाणवत नाही. बुलबुलाने मिरची चोचीत धरलेली पाहून दया करायचं कारण नाही.

परत त्या डब्याकडे येऊ. मीलवर्म घालावेत का? लंडनच्या उपनगरांत चिमण्यांच्या वसाहतींवर याचा मोठा प्रयोग झालाय. काही वसाहतींना विणीच्या काळात रोज मीलवर्म दिले, काहींना नाही दिले. जिथे दिले तिथे जास्त पिल्लं उडाली. म्हणजे पिल्लांना किड्यांची टंचाई आहे, हे सिद्ध झालं. पण पुढे चिमण्यांची एकूण संख्या, छोट्या वसाहती सोडल्या तर, वाढली नाही. उडालेली पिल्लं पुढे कुठेतरी गळत होती. डब्यातून पिल्लू वाचतं, त्याला पुढे जगायला लागणारी जागा डब्यातून येत नाही.

शिवाय हा थंड हवेचा किडा. पंचवीस-अठ्ठावीस अंशांत सुखाने वाढतो. वैशाखात पारा चव्वेचाळीसवर जातो तेव्हा दोंडाईचाच्या पत्र्याखाली त्याचा डबा ठेवला तर संध्याकाळी उघडून बघायची सोय राहणार नाही. त्यात कॅल्शियम फार कमी. फक्त त्याच्यावर वाढलेल्या पिल्लांची हाडं कच्ची राहू शकतात. घालायचेच असतील तर थोडे, विणीच्या दिवसांत, उथळ गुळगुळीत वाटीत, आणि उरलेले सुटू न देता. वाळवलेले असतील तर आधी भिजवून.

किंवा अंगणातल्या कोपऱ्यातलं गवत, तरोटा, पालापाचोळा चार महिने तसाच राहू द्यायचा. दिवाळीआधी घरचे ओरडतील, त्यांना काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. चिमणी दिनाला, २० मार्चला, शाळांमध्ये पुठ्ठ्याची घरटी वाटतात. मोहम्मद दिलावर यांनी नाशिकमधून सुरू केलेली ही चळवळ २०१० पासून जगभर गेली. ती घरटी लावली तरी आसपास किडे हवेतच. धाब्याच्या घरांच्या कडीपाटात चिमण्यांना जागा होती, आणि दाराबाहेर उकिरडा होता, गोठा होता, त्यावर किडे होते. घर पक्कं झालं, उकिरडा गेला. तो परत आणा असं कोण म्हणेल?

पौषात हरभऱ्याच्या वावरात गेलं तर दोन काठ्या दिसतात. एकीला फाटका सदरा घालून, वर मडकं उपडं ठेवून बुजगावणं केलेलं असतं, पाखरांनी येऊ नये म्हणून. दुसरी उघडी, पाखरांनी यावं म्हणून. आडवी-उभी बांधणी दोघींची सारखीच. कोतवाल दोन्हींवर बसतो, मडक्यावर तर जरा जास्तच वेळ.